गौरी जेवणाच्या पानात नवीन काय वाढू? मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो, यंदा गौरी जेवणाला आमच्याकडे वीस पानं आहेत. पुरणपोळी, कटाची आमटी, अळूचं फदफदं, सोळा भाज्यांची मिसळ भाजी, साधं वरण-भात हे ठरलेलंच, त्याला हात लावायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, "डावी बाजू तुझी, हवं ते कर." म्हणून चटणी, कोशिंबीर आणि एखादी तळण नवीन करायची आहे. नैवेद्याचं पान असल्याने कांदा-लसूण अजिबात नको.

गेल्या वर्षी पेरूचं पंचामृत केलं होतं. अर्धवट पिकलेल्या फोडी चिंच-गुळात जरा मऊ झाल्या, तीळकूट आणि दाण्याचं कूट घातलं, तर पातेलं पुसून निघालं! तसंच काहीतरी हवंय. सध्या बाजारात कोवळी कणसं, करटोली, भोपळ्याची फुलं छान मिळतात. फुलं तांदळाच्या पिठात घोळवून तळली, तर पंगत बसेपर्यंत मऊ पडतील का? आणि दोडक्याच्या शिरांच्या चटणीशिवाय दुसरी कोणती सालींची चटणी करता? आदल्या दिवशी करून ठेवता येईल असं असेल तर फारच बरं. प्रमाणासकट सांगा, प्लीज.