घरी उगवण ८२, प्रयोगशाळेत ६४: सोयाबीनच्या बियाण्याचा कोणता आकडा खरा मानावा?

औसेकर (ता. औसा, जि. लातूर) यांचा प्रश्न

आमच्या सोळा जणांच्या गटाने मागील खरिपातील सोयाबीन घरचे बियाणे म्हणून राखून ठेवले आहे. अक्षय तृतीया झाल्यावर आम्ही चारही थप्प्यांतून शंभर-शंभर दाणे काढले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडले, गुंडाळी करून सावलीत ठेवली आणि सहाव्या दिवशी मोड मोजले. दुसऱ्या थप्पीची उगवण ८२ निघाली. त्याच थप्पीचा नमुना प्रयोगशाळेत दिला, तर अहवालात ६४ आले, म्हणजे प्रमाणित बियाण्यासाठी ठरलेल्या किमान ७० टक्क्यांच्याही खाली.

गोणपाट भिजवायला बोअरचे पाणी होते. ते जड आहे, म्हणून कँडलच्या फिल्टरमधून गाळून घेतले होते. गटातील काही जण पाण्याला दोष देतात, तर काही प्रयोगशाळेला. त्यातच एक विक्रेता उगवण तपासण्याची तापमान-नियंत्रित पेटी आणि आरओ यंत्र एकत्र घ्या म्हणून मागे लागला आहे. पेरणी महिन्यावर आली असताना हा खर्च करावा का?

बीजपरीक्षक (निवृत्त), परभणी

दोन्ही आकडे खरे असण्याची शक्यता आहे, कारण आपण मोड मोजले आणि प्रयोगशाळेने रोपे मोजली. सोयाबीनची पहिली मोजणी पाचव्या आणि अखेरची आठव्या दिवशी होते, आणि त्या दिवशी कागदाची गुंडाळी उलगडल्यावर प्रत्येक रोप हातात घेऊन पाहावे लागते. मुळाचे टोक काळे पडून थांबले आहे, डाळी देठापाशी तुटल्या आहेत, दोन डाळींमधला कोंबच मोडला आहे, अशा रोपाला मोड आलेला असला तरी ते ‘विकृत’ या रकान्यात जाते आणि उगवणीत धरले जात नाही. शेतात असे रोप मातीबाहेर येतच नाही, आले तरी आठवड्यात बसते.

दुसरे असे की शंभर दाण्यांवर फार भिस्त ठेवू नये. खरी उगवण ७० असलेल्या पोत्यातून शंभर दाणे काढले, तर निव्वळ योगायोगाने ६१ पासून ७९ पर्यंत कोणताही आकडा येऊ शकतो. म्हणूनच प्रयोगशाळेत शंभराचे चार संच, असे चारशे दाणे लावतात. जर्मनीत थारांट येथे फ्रीडरिख नोबे यांनी १८६९ मध्ये पहिली बीजपरीक्षण प्रयोगशाळा काढली, आणि तेव्हापासून या कामात यंत्रापेक्षा नमुना आणि मोजणीची शिस्तच महत्त्वाची राहिली आहे. आठ दिवस थांबायला वेळ नसेल, तर टेट्राझोलियमची चाचणी आहे. गेओर्ग लाकोन यांनी १९४० च्या दशकात शोधलेल्या या पद्धतीत रंगहीन द्रावण जिवंत पेशींत शिरून लाल होते आणि मेलेला भाग पांढुरका राहतो. पण हा रंग वाचायला सरावलेली नजर लागते, त्यामुळे घरी करण्याच्या फंदात पडू नका.

पेटी घेऊ नका. चारशे दाणे पुन्हा लावा आणि या वेळी आठव्या दिवशी मुळापासून शेंड्यापर्यंत बघा.

ठिबकवाला, अंबाजोगाई

पाण्याचा मुद्दा मी घेतो. क्षारांच्या पाण्याने उगवण मंदावली असती, घटली असती, वाढली नसती. घरचा आकडा जास्त आला आहे, म्हणजे या भांडणातून पाणी सुटले.

मात्र कँडलने पाणी ‘हलके’ होते हा गैरसमज दूर व्हावा. १८८४ मध्ये पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी चिनी मातीची गाळणी केली ती जंतू अडवण्यासाठी, आणि आजची कँडलही गाळ व जंतूच अडवते. विरघळलेले क्षार तिच्या छिद्रांतून पाण्याबरोबर सरळ पार होतात. ठिबकच्या वाळूच्या टाकीचे आणि जाळीच्या फिल्टरचेही तसेच. क्षार अडवायला आरओचा पडदाच लागतो. तो व्यवहारात आणण्याजोगा झाला तो १९६० च्या सुमारास, कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि आपल्याकडून तिकडे गेलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा तयार केल्यावर.

यंत्र विकत घेऊ नका, गावातल्या प्लँटवरचा एक जार आणा. आरओ दुरुस्त करणाऱ्याकडे असतो तो पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) मात्र जरूर घ्या, कारण तो बियाण्यालाही चालतो. २५० मिलिलिटर जारच्या पाण्याची नोंद आधी घ्या, त्यात वजन केलेले ५० अखंड दाणे टाका, झाकून २४ तास ठेवा आणि पुन्हा मोजा. ज्या दाण्याचे आतले पापुद्रे फाटले आहेत, त्यातून क्षार आणि साखर पाण्यात झिरपतात आणि क्षारांमुळे आकडा चढतो. प्रयोगशाळेतल्या विद्युतवाहकता चाचणीचे तत्त्व हेच. तिथे तापमान २० अंश राखतात आणि आपल्याकडे मे महिन्यात ते जमणार नाही, म्हणून या आकड्याला उगवणीचा टक्का समजू नका. चारही थप्प्या एकाच दिवशी, एकाच खोलीत लावून एकमेकींशी ताडून बघा.

औसेकर

दोघांचेही आभार. दुसऱ्या थप्पीचे चारशे दाणे पुन्हा लावले. मोड ३२३ दाण्यांना आले, पण आठव्या दिवशी एकेक रोप उचलून पाहिले तेव्हा त्यांतली ६७ विकृत निघाली, म्हणजे उगवण २५६, बरोबर ६४ टक्के. मला स्वतःला विश्वास बसेना, म्हणून पत्नीकडून पुन्हा मोजून घेतले. तिने माझ्यापेक्षा दोन रोपे जास्तच बाद केली.

मीटर आणला. जारच्या पाण्यात २४ तासांनी पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या थप्पीची वाढ ८५ ते १०० च्या दरम्यान आहे, दुसरीची १७०. कारणही सापडले. परतीच्या पावसाचे ढग दिसल्यावर तेवढाच ढीग आम्ही रात्री हडंब्यात (मळणी यंत्रात) घातला होता आणि ट्रॅक्टरची गती वाढवली होती.

बीजपरीक्षक (निवृत्त), परभणी

मग कोडे सुटले. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि कोंब त्याला अगदी लागून असतो, त्यामुळे बियाण्याची मळणी ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५०० च्या पुढे न नेता करावी. दुसरी थप्पी वापरायचीच असेल तर ७० च्या खाली दर टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवतात, म्हणजे तीस किलोऐवजी तेहतीस. उगवण साठच्या खाली गेली, तर मात्र ते बियाणे पेरू नये. पेरणीपूर्वी आठ-दहा दिवस या थप्पीची चाचणी पुन्हा एकदा घ्या, कारण मार लागलेले बियाणे उन्हाळ्याच्या शेवटी झपाट्याने उतरते.