अनोळखी बाईची जुनी छबी: काच काढून पुसू का?

प्रश्न
तळहातात मावेल एवढ्या डबीतली एका बाईची छबी परवा माझ्या संग्रहात आली. एका झाकणाला आतून मखमल, दुसऱ्यात पितळी चौकट आणि काचेआड ती. नाव नाही, साल नाही. समोर धरली की माझाच चेहरा दिसतो, जरा कलती केली की ती वर येते. गालांवर हाताने दिलेला फिकट गुलाबी रंग, अंगठीवर सोनेरी ठिपका. भिंगातून पाहिलं तर उजव्या बाहीला कोपरापाशी रफू! टाका न् टाका मोजता येतो. तेव्हापासून ती मला घरातलीच वाटायला लागली आहे.

चौकटीच्या कडेने निळसर-तपकिरी डाग चढलेत. काच काढून मऊ कापडाने पुसलं तर चालेल का? आणि ती कोण, हे कळायला काही वाट?

उत्तर १
कृपा करून पुसू नका. आरशासारखी चमकते म्हणजे ही डॅगेरोटाइप, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा जुना फोटो. चांदीवर बसलेले पाऱ्या-चांदीचे अतिसूक्ष्म कण म्हणजेच तो चेहरा. हात लागला की गेला. माझ्या हातून एका म्हाताऱ्याचा डोळा असाच गेला. नुसता कापूस होता, तोही अगदी हलका फिरवला होता. अजून ती डबी उघडवत नाही मला.

डाग चांदी काळवंडल्याचे आहेत, राहू द्या. काच आणि पत्रा कडेने कागदी पट्टीने बांधलेले असतील तर ती पट्टीही सोडू नका, हवा तिनेच अडते.

उत्तर २
एक राहिलं. डॅगेरोटाइपमध्ये बहुधा डावं-उजवं उलटं येतं. म्हणजे रफू डाव्या कोपराला असणार, अंगठीचा हातही बदलेल.

ही पद्धत १८३९ साली जाहीर झाली आणि १८५० च्या दशकात काचेवरच्या व कागदावरच्या फोटोंनी मागे टाकली, तेव्हा काळ साधारण त्यातलाच. स्टुडिओचं नाव कधी मखमलीवर, कधी पितळी चौकटीवर दाबलेलं असतं. तिरप्या उजेडात बघा. पत्र्यामागे नावाची चिठ्ठीही सापडते, पण त्यासाठी जतनतज्ज्ञाकडेच जा. आणि अंदाजाने नाव मात्र देऊ नका. एकदा चुकीचं नाव चिकटलं की पुढचा प्रत्येक जण तेच खरं धरतो, आणि खरी बाई हरवते.

प्रश्न विचारणारी
काच तशीच ठेवली. मखमल आणि चौकट टॉर्च आडवा धरून पाहिली, ठसा नाही. नोंदवहीत लिहिलंय: ‘अनोळखी बाई. डॅगेरोटाइप. डाव्या कोपराला रफू, फार सुबक.’