प्रतिसाद: युजिरो खरंच बदलला का?

वर कुणीतरी लिहिलंय की 'बाकी' या मारामारीच्या जपानी कॉमिकमधला युजिरो, म्हणजे हिरो बाकीचा बाप, शेवटी सुधारला. मला नाही पटत. ज्या माणसाने स्वतःच्या १३ वर्षांच्या पोराला, बाकीला, मारताना मध्ये पडलेल्या त्या पोराच्या आईला, एमीला, मिठीत घेऊन चिरडून मारलं, त्याला बाप-लेकाच्या एका फाईटनंतर माफी कशी काय मिळते?

पण बदल झालाय हे मात्र खरं, आणि तो मारामारीत नाही, जेवणात दिसतो. बाकीला बापाकडून काय हवं असतं, तर त्याने आपल्यासाठी मिसो सूप (जपानी घरांतलं रोजचं साधं सूप) करावं, बस. २०१२ मध्ये या फाईटची सिरीज संपते तेव्हा पोरगा बापाचा मार खाऊन रस्त्यावर पार लोळागोळा होऊन पडलेला, आणि हा राक्षस हवेतल्या हवेत खोटं खोटं सूप बनवायला लागतो, ना भांडं ना गॅस, नुसते हात, आणि बाकी उठून ते पितो आणि म्हणतो जरा खारट झालंय. मी ते पान वाचून चक्क रडलोय. अख्ख्या जगाला घाबरवणाऱ्या बापाला असं घरातल्यासारखं बोलायची हिंमत पोराला पहिल्यांदा झाली ना तिथे!

जॅकबद्दल मात्र कोणीच बोलत नाहीये. तोही युजिरोचाच मुलगा, बापाला हरवायचं म्हणून औषधं घेऊन घेऊन शरीराची वाट लावली, आणि मॅक्सिमम टूर्नामेंट या फाईटिंगच्या स्पर्धेच्या फायनलला बाकीकडून हरल्यावर बापानेही त्याला तुडवलं. त्याच्या वाटणीचं सूप कुठंय?