लष्करी डॉक्टरचा चुकलेला एनपीए: सगळी थकबाकी की फक्त तीन वर्षांची?

गोदाकाठ

लष्करी वैद्यकीय सेवेतल्या अधिकाऱ्याला खासगी प्रॅक्टिस करता येत नाही, त्याबदली व्यवसायरोध भत्ता म्हणजे एनपीए मिळतो. १ जुलै २०१७ पासून तो मूळ वेतनाच्या २० टक्के आहे. अट एकच, मूळ वेतन आणि एनपीए मिळून २,३७,५०० रुपयांच्या वर जाता कामा नये. हा भत्ता खात्यावर लागलाच नाही आणि पाच-सहा वर्षांनी लक्षात आलं, तर किती द्यायचा? सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा तरसेम सिंग निकाल पुढे केला जातो आणि थकबाकी दावा दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांवर थांबते.

मला हे मान्य नाही. एनपीए ही मेहेरबानी नाही. प्रॅक्टिसची बंदी पहिल्या दिवसापासून लागू असते, मग तिचा मोबदला मधूनच कसा सुरू होईल? शिवाय आदेश काढणारं युनिट, तो तपासणारं पुण्याचं पीसीडीए कार्यालय (लष्करी अधिकाऱ्यांच्या वेतनाचं लेखा कार्यालय) आणि पैसे देणारं सरकार, सगळं एकाच बाजूला. डॉक्टरच्या हातात यातलं काहीच नसतं. देवळाली कॅम्पपासून ओझरपर्यंत इतके लष्करी डॉक्टर आपल्या नाशिक जिल्ह्यात नोकरी करतात, म्हणून हा विषय इथे काढला.

लेखाशिस्त

विरोध नोंदवतो. "डॉक्टरच्या हातात काहीच नसतं" हे बरोबर नाही. अधिकाऱ्याला दर महिन्याला वेतनखात्याचा उतारा मिळतो. त्यात मूळ वेतन, एमएसपी (लष्करी सेवा वेतन), डीए (महागाई भत्ता), एनपीए वेगवेगळ्या ओळीत असतात. एनपीएची ओळच नसेल तर ते पहिल्याच महिन्यात दिसतं. साठ उतारे न वाचता बाजूला ठेवायचे आणि मग साठ महिन्यांची थकबाकी व्याजासकट मागायची, याला मर्यादा हवीच.

दुसरं, तरसेम सिंग निकाल नीट वाचा. ती लष्करातल्याच माणसाची अपंगत्व निवृत्तिवेतनाची केस होती. १९८३ मध्ये सेवेतून बाहेर पडलेला माणूस १९९९ मध्ये न्यायालयात गेला. न्यायालयाने दावा फेटाळला नाही. हक्क कायम धरला, फक्त मागची रक्कम तीन वर्षांपुरती ठेवली. १९९५ च्या एम. आर. गुप्ता निकालात तर म्हटलंय की चुकीचं वेतन मिळतं त्या प्रत्येक महिन्याला दाव्याचं नवं कारण निर्माण होतं. म्हणजे उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. इतकी सवलत पुरेशी आहे.

देवळाली_कॅम्प

तत्त्वाचा वाद चालू द्या, पण आधी गळती कुठे झाली ते ठरवल्याशिवाय कोणताच दावा उभा राहत नाही.

एनपीए बहुधा दोन ठिकाणी सुटतो: वेतनखातं उघडताना आणि खातं हलताना. डॉक्टर कमिशन घेतो आर्मी मेडिकल कोअरमध्ये, पण नेमणूक भूदल, नौदल, हवाई दल यांपैकी कुठेही होते. देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये असेल तर वेतन पुण्याच्या पीसीडीएकडे. हवाई दलाच्या बाजूला, समजा ओझरला गेला, तर दिल्लीच्या एएफसीएओकडे, म्हणजे हवाई दलाच्या लेखा कार्यालयाकडे. नौदलात गेला तर मुंबईच्या नेव्हल पे ऑफिसकडे. खातं हलताना जुनं कार्यालय शेवटचं वेतन प्रमाणपत्र (एलपीसी) पाठवतं. त्यात एनपीएचा रकाना रिकामा राहिला तर नवं कार्यालय तेवढंच पुढे चालवतं. त्यामुळे दाव्याला पहिला कागद जोडायचा तो हाच, एलपीसीची प्रत. त्यासोबत बदलीच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्याचे उतारे.

तज्ज्ञ डॉक्टरला वेगळं मिळणाऱ्या तज्ज्ञ वेतनाचं गणित निराळं. ग्रेडेड किंवा क्लासिफाइड स्पेशालिस्ट म्हणून मान्यतेचं पत्र निघतं, पण पत्र निघालं म्हणून पैसे लागत नाहीत. युनिटने पार्ट टू ऑर्डर, म्हणजे वेतनावर परिणाम करणाऱ्या नोंदीचा लेखी आदेश, काढावी लागते. इथे चार शक्यता: ऑर्डर निघालीच नाही, निघाली पण लेखा कार्यालयात पोचली नाही, पोचली पण शेरा मारून परत आली, किंवा मंजूर झाली पण "कधीपासून" ही तारीख चुकली. पहिल्या तीन प्रकारांत तक्रार लेखा कार्यालयाकडे करून उपयोग नाही, कारण त्यांच्यासमोर हिशेब करायला वैध कागदच नाही. युनिटकडून ऑर्डर काढून घ्या किंवा दुरुस्त करून पुन्हा पाठवायला लावा. परत आलेली ऑर्डर महिनोन्महिने युनिटच्या क्लार्कच्या टेबलावर पडून राहते आणि डॉक्टर मात्र पुण्याला अर्ज धाडत बसतो.

गोदाकाठ

@लेखाशिस्त, उतारा वाचायची जबाबदारी अधिकाऱ्याची, हे मान्य. पण तोच उतारा लेखा कार्यालयही तयार करतं, आणि डॉक्टर आहे म्हणजे एनपीए लागू, हे त्यांना खात्यावरूनच कळतं. तपासणी हेच ज्यांचं काम, त्यांची चूक तीन वर्षांनंतर माफ आणि दिवसभर ओपीडी सांभाळणाऱ्याची चूक त्याच्याच खिशातून, असं का?

आणि उलट बाजू बघा. जादा रक्कम दिली गेली तर सरकार वसुली करतं. २०१४ च्या रफिक मसीह निकालाने त्यावर बंधन घातलं, पण ते मुख्यतः पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर, किंवा माणूस निवृत्त झाला असेल अथवा वर्षभरात होणार असेल तर. म्हणजे चार वर्षांची जादा रक्कम सरकार परत घेऊ शकतं, आणि चार वर्षांची कमी दिलेली रक्कम मागितली की तीनच वर्षं. हा तराजू समान नाही.

लेखाशिस्त

तराजू तुम्ही मांडलात त्याहून तिरपा आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात न्यायालयाने म्हटलं की वेतननिश्चितीच्या वेळी "जादा रक्कम परत करीन" असं हमीपत्र दिलं असेल तर निवृत्त माणसाकडूनही वसुली होऊ शकते. त्या केसमधला माणूस न्यायिक अधिकारी होता, म्हणजे वरच्या श्रेणीतला.

तरीही मी मर्यादेच्याच बाजूने. जुना दावा म्हणजे जुने कागद. २०१७ चा एलपीसी, त्या वेळच्या युनिटची ऑर्डर, मधल्या दोन बदल्या. युनिटं हलतात, विसर्जित होतात. कागदाविना रक्कम मान्य करायची तर लेखापरीक्षक उद्या प्रत्येक डॉक्टरच्या खात्यावर प्रश्न काढेल आणि ज्यांचं बरोबर आहे त्यांचंही अडेल.

शिंगाडा_तलाव

एनपीएच्या दाव्यांत आकडाच चुकलेला असतो, त्यावर कुणीच बोललं नाही.

मेजर, मूळ वेतन ६९,४००. एनपीए १३,८८०. बरेच जण याला बारा महिन्यांनी गुणून १,६६,५६० मागतात. पण एनपीए डीएसाठी वेतन धरला जातो. २०२४ चं वर्ष घ्या. जानेवारी ते जून डीए ५० टक्के: १३,८८० अधिक ६,९४० म्हणजे महिना २०,८२०, सहा महिन्यांचे १,२४,९२०. जुलैत वेतनवाढ लागून मूळ ७१,५०० झालं, एनपीए १४,३००, डीए ५३ टक्के म्हणजे ७,५७९, एकूण २१,८७९, सहा महिन्यांचे १,३१,२७४. वर्षाचे २,५६,१९४. फक्त एनपीए मागणारा एका वर्षात ८९,६३४ रुपये सोडून देतो. एचआरए (घरभाडे भत्ता) मात्र एनपीएवर लागत नाही, तो मागितला की सगळा तक्ता परत येतो.

अजून दोन चुका. सातव्या वेतन आयोगाचं वेतन १ जानेवारी २०१६ पासून, म्हणून नव्या वेतनावर २० टक्के तेव्हापासून मागतात. भत्ते १ जुलै २०१७ पासून बदलले. त्याआधीच्या अठरा महिन्यांचा हिशेब जुन्या वेतनावर जुन्या दराने, २५ टक्क्यांनी होतो. आणि वरिष्ठ अधिकाऱ्याला एनपीए २० टक्क्यांहून कमी दिसला तर ती चूक असेलच असं नाही. मूळ वेतन १,९७,९१६ च्या पुढे गेलं की कमाल मर्यादा आडवी येते. २,०३,००० मूळ वेतनावर एनपीए ३४,५०० च मिळणार, ४०,६०० नाही.

जुना_आग्रा_रोड

वर दोन्ही बाजू निकालांची नावं घेतायत, म्हणून कायद्याच्या बाजूने बोलतो.

"पुण्याला चार वेळा अर्ज केला, म्हणून मुदत चालूच आहे" हा समज घातक आहे. सी. जेकब निकालात (२००८) स्पष्ट आहे की शिळ्या दाव्यावर अर्ज केला, त्याला उत्तर आलं, म्हणून दावा ताजा होत नाही. वेतनाचा दावा दर महिन्याला नवा होतो, पण मागचा एकेक महिना तीन वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडत राहतो. वरच्या मेजरच्या हिशेबाने प्रत्येक महिन्याच्या दिरंगाईची किंमत वीस हजारांच्या वर. म्हणून लेखा कार्यालयाच्या उत्तराची वाट बघत वर्ष घालवू नका.

क्रम असा ठेवा. युनिटमार्फत लेखी अर्ज, सोबत महिनावार तक्ता. त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात "एनपीए का दिला नाही" असं विचारू नका, त्यावर उत्तर मिळत नाही. पार्ट टू ऑर्डरची प्रत, ती मिळाल्याची तारीख, परत पाठवल्याच्या शेऱ्याची प्रत आणि एलपीसीची प्रत मागा. लेखाशिस्त यांची "कागद कुठे आहेत" ही हरकत त्यानेच सुटते.

दाद लागली नाही तर आर्मी ॲक्टच्या कलम २७ खाली वैधानिक तक्रार. सशस्त्र दल न्यायाधिकरण सर्वसाधारणपणे हा मार्ग संपल्याशिवाय अर्ज घेत नाही. सहा महिने निर्णय आला नाही तर मार्ग संपला असं धरतात आणि तिथून पुढचे सहा महिने अर्जासाठी. १० जानेवारी २०२५ ला तक्रार दिली आणि कोणी उत्तरच दिलं नाही, तर १० जुलैला दार उघडतं आणि १० जानेवारी २०२६ ला मुदत संपते. पुरेसं कारण असेल तर विलंब माफ होतो, पण "उत्तराची वाट बघत होतो" हे कारण कमकुवत आहे. नाशिकसाठी मुंबईचं खंडपीठ.

गोदाकाठ, तुमची पूर्ण थकबाकीची भूमिका मला न्याय्य वाटते. पण अर्जात ती एकटी मांडू नका. मुख्य मागणी पूर्ण काळाची, पर्यायी मागणी तीन वर्षांची, आणि दोन्हींचे वेगळे तक्ते. एकच मोठा आकडा दिला तर वाद सगळ्या आकड्यावर होतो आणि जे निर्विवाद आहे तेही अडकून पडतं.

गोदाकाठ

पर्यायी मागणीचं पटलं. मुख्य मागणी मात्र सोडू नये, कारण ऑर्डर परत पाठवल्याचा शेरा युनिटने डॉक्टरला कधी कळवलाच नाही हे कागदावर दिसलं, तर "उतारा वाचला नाही" हा आरोप निम्मा गळतो.

लेखाशिस्त

तसा कागद असेल तर त्या काळापुरता मी विरोध मागे घेतो. कागद नसेल तर तीन वर्षं.

शिंगाडा_तलाव

रक्कम हाती आली की कराचंही बघा. थकबाकी मिळते त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि वरचा टप्पा लागतो. थकबाकीवरची करसवलत हवी असेल तर विवरणपत्राआधी तिचा फॉर्म भरावा लागतो (३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी आयकर कायदा १९६१ चं कलम ८९ आणि फॉर्म १०ई), आणि त्यासाठी थकबाकी कोणत्या वर्षाची किती हे वेगळं लागतं. लेखा कार्यालयाकडून वर्षवार फोड मंजुरीच्या वेळीच लेखी घ्या.