हुशार लेकरांचा वेगळा गट करावा का? सल्ला हवा

गुरुजी_दर्यापूर: आमची दोन शिक्षकी जि.प. शाळा. चौथी-पाचवी माझ्याकडे, पट ३१. पाच लेकरं गणितात फार पुढं आहेत. पाच मिनिटांत उदाहरणं सोडवतात, मग नुसती बसून राहतात. त्यांचा गट करून वरचं काही द्यावं म्हणतो. खर्चाला हजार रुपये, त्यावर नाही. कोणी केलंय का?

पालक_मूर्तिजापूर: टॅब घ्या सर. माह्या पोरासाठी बारा हजाराचा घेतला. सगळं त्याच्यावरच शिकते.

संत्रापट्टा: हजारच आहेत म्हणाले ना ते! त्यापेक्षा नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी घ्या. ८० प्रश्न, दोन तास, निम्मे बुद्धिमत्तेचे. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यातलं.

निवृत्त_बाई: परीक्षेचा सराव वेगळा, हे वेगळं. अमेरिकेत क्लस्टर ग्रुपिंग करतात. पुढची चार-आठ मुलं एकाच शिक्षकाकडे, पण मिश्र वर्गातच. गट दरवर्षी नव्यानं पाहायचा. आणि तीच गणितं जास्त देऊ नका, वेगळी द्या. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चार बाय तीन फुटांवर पऱ्हाटी (कपाशी) लावली तर झाडं किती? अंतर कमी केलं तर बियाण्याचा खर्च किती वाढेल?

कास्तकार: चार बाय तीन कोण लावते आता? सघन लागवड म्हणजे तीन फूट बाय अर्धा फूट.

संत्रापट्टा: भारी जमिनीत चार बाय तीनच बरं.

आई_वाशीम: इथल्या एका शाळेत अ-ब तुकड्या केल्या. पोरीनं घरी येऊन दप्तर फेकलं, "मी ढ आहे" म्हणे. करू नका सर.

सातपुडा: बरोबर. हुशार पोरांना बाकीच्यांना शिकवू द्या.

निवृत्त_बाई: कधीमधी ठीक. रोज नको, त्यांनाही नवं शिकायचा हक्क आहे.

पालक_मूर्तिजापूर: टॅबवर हे सगळं येते.

गुरुजी_दर्यापूर: सगळ्यांचे आभार. टॅब नाही, नवोदयचा वर्ग नाही, आणि ठरलेली पाच नावंही नाहीत. प्रत्येक धड्याआधी त्यातली पाच अवघड उदाहरणं फळ्यावर देतो. ज्याची चार बरोबर, तो त्या धड्यापुरता वरच्या कामाला. पुढच्या धड्याला पुन्हा सगळ्यांना संधी. बाईंचा वर्षभराचा गट मला फार लांब वाटतो, कारण अपूर्णांकात मागं पडलेलं लेकरू भूमितीत पुढं असते. पहिलं काम पऱ्हाटीचंच, दोन्ही अंतरं घेऊन, शाळेमागच्या वावरात. शंभर फुटी टेप स्वस्तात कुठं मिळेल, अकोट की परतवाडा?