'नॉस्टॅल्जिक झालो' मराठीत कसं म्हणायचं? आणि 'रीबूट'चं काय?

एका वाक्यापाशी अडलोय. 'टूम रेडर' या व्हिडिओ गेमच्या पहिल्या तीन भागांचा २०२४ मध्ये आलेला रीमास्टर (तोच जुना गेम, चित्रं तेवढी नवी) खेळत होतो. मित्राला कळवायला म्हणून लिहिलं, "लय नॉस्टॅल्जिक झालो रे." लिहून झाल्यावर ते वाक्य खुपायला लागलं. शब्द शोधले तर हाती तीन लागले: स्मरणरंजन, गतकातरता, स्मृतिकातरता. तिन्ही एकच का? एक असतील तर तीन कशाला? आणि क्रियापद कुठलं लावायचं? 'स्मरणरंजित झालो' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

दुसरी अडचण 'रीबूट'ची. याच मालिकेचा २०१३ मध्ये रीबूट झाला, म्हणजे आधीची कथा पुसून पहिल्यापासून सुरुवात. त्याला 'पुनरारंभ' म्हटलं की सुट्टी संपून वर्ग भरल्यासारखं वाटतं. चांगला शब्द आहे का?

———

आधी मूळ शब्द बघू. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द वैद्यकातून आलाय, काव्यातून नाही. योहानेस होफर नावाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला सादर केलेल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं, 'अल्गोस' म्हणजे वेदना. परमुलखात असलेल्या स्विस माणसांना, विशेषतः भाडोत्री सैनिकांना, घराच्या ओढीनं जो आजार जडायचा त्याचं हे नाव. म्हणजे ओढ जागेची होती, काळाची नव्हती. काळाचा अर्थ नंतर चिकटला. जागा असेल तर माणूस परत जाऊ शकतो, काळाच्या बाबतीत ती सोयच नाही.

आता 'स्मरणरंजन'. यात वेदना कुठेच नाही, हे लक्षात घ्या. 'रंजन' म्हटलं की आपल्याला मनोरंजन आठवतं, म्हणून आपण 'आठवणींनी मन रमवणं' एवढाच अर्थ घेतो. पण धातू 'रञ्ज्' आहे, म्हणजे रंगणं, रंगवणं. रंग, राग, अनुराग, रक्त ही सगळी त्याच घरातली. संस्कृतात 'रंजन' म्हणजे चक्क कापड रंगवणं. त्या अर्थानं स्मरणरंजन म्हणजे आठवणीला रंग देणं! शब्द घडवणाऱ्याच्या डोक्यात हे होतं की नव्हतं, हा भाग सोडून द्या. शब्दात ते आहे.

———

व्युत्पत्ती छान, पण वापरात 'स्मरणरंजन' हा बहुतेकदा आरोप असतो. "यात नुसतं स्मरणरंजन आहे" असं समीक्षक लिहितो तेव्हा तो कौतुक करत नसतो. 'रमणे' या क्रियापदाबरोबर आला की हमखास टोमणा: "स्मरणरंजनात रमलेली पिढी". स्वतःबद्दल बोलताना कुणी तो शब्द सहसा घेत नाही.

'गतकातरता'त मात्र कळ आहे. कातर म्हणजे भ्यालेलं, व्याकूळ. कातर आवाज, कातर मन, कातरवेळ हे सगळं आपल्या कानात बसलेलं आहे, त्यामुळे शब्द जरी छापील वाटला तरी त्याचा दुसरा अर्धा भाग जिवंत आहे. होफरच्या 'अल्गोस'ला हाच जवळचा. स्मृतिकातरता त्याचीच बहीण. फरक करायचाच असेल तर गतकातर माणसाला तो काळ हवा असतो आणि स्मृतिकातर माणसाला आठवणीच पुरतात. पण हा फरक मी पाडतोय, वापरात तो काटेकोर पाळला जातो असं नाही.

बोलताना मात्र मी यातलं काहीच म्हणणार नाही. 'कढ आले', 'हुरहूर लागली', 'जीव गलबलला' यातलं जे खरं असेल ते म्हणेन.

———

गेम बघून कुणाचा जीव गलबलतो हो? :)

———

मूळ प्रश्न मीच विचारलाय, तर याचं उत्तरही मीच देतो: गलबलतो. पण त्याआधी वर 'रंग देणं' म्हटलंय त्याबद्दल. माझ्या बाबतीत ते अगदी शब्दशः घडलं.

या रीमास्टरमध्ये खेळता खेळता एक बटण दाबलं की नवी चित्रं जाऊन १९९६ ची चित्रं येतात. पुन्हा दाबलं की परत नवी. पहिल्या भागात पेरूमधली एक हरवलेली दरी आहे, तिथे टी-रेक्स अंगावर येतो. माझ्या आठवणीत ती दरी हिरवीगार, ऐसपैस होती. नव्या चित्रांत ती तशीच दिसली, म्हटलं वा, काही बदललं नाही यांनी. मग बटण दाबलं. जुनी दरी म्हणजे खडबडीत चौकोन, आणि थोड्या अंतरापलीकडे काळोख. यंत्राची ताकद तोकडी, लांबचं दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून पुढचं सगळं काळं. ऐसपैस दरी मीच रंगवली होती, इतक्या वर्षांत, फुकटात.

गंमत अशी की टी-रेक्सची भीती त्या काळोखातूनच यायची. आधी धप धप आवाज, मग अचानक डोकं. नव्या चित्रांत तो लांबूनच दिसतो आणि भीती अर्धी होते. म्हणजे मला जे सुंदर आठवत होतं ते मूळ गेममध्ये नव्हतं, आणि मूळ गेममध्ये जे खरंच होतं ते मी विसरलो होतो. याला स्मरणरंजन म्हणायचं की गतकातरता?

———

स्मरणरंजन. आणि बटण दाबल्यावर जे झालं त्याला 'रंग उतरणं' म्हणतात.

———

माझं मत जरा वेगळं. नव्या भागांवर जुने खेळाडू इतके का उखडतात, ते या दरीच्या गोष्टीत आहे. नव्या गेमची लढत जुन्या गेमशी नसतेच, ती रंगवलेल्या आठवणीशी असते. आणि ती आठवण दरवर्षी रंगाचा आणखी एक हात मारून घेते. तिच्यापुढे कुठला स्टुडिओ टिकणार?

———

'रीबूट'कडे वळतो. शब्द संगणकातला. बुटाच्या मागे ओढायला जो पट्टा असतो तो बूटस्ट्रॅप. स्वतःचेच पट्टे ओढून स्वतःला जमिनीवरून उचलायचं, या अशक्य कल्पनेवरून 'स्वतःच स्वतःला सुरू करणारा प्रोग्रॅम' या अर्थानं शब्द आला आणि पुढे त्याचा 'बूट' झाला. पायातला बूट हा शेवटी खरोखर पायातलाच निघाला.

यंत्र रीबूट केलं की काय होतं? चालू स्मृती पुसली जाते, पण डिस्कवरचं तसंच राहतं. कथेच्या रीबूटला ही उपमा चपखल बसते. 'टूम रेडर'ची नायिका, २०१३ ची लारा बघा. आधीच्या भागांत तिने जे जे केलं ते काहीच घडलेलं नाही. ती एकवीस वर्षांची आहे, पहिलीच मोहीम, जहाज फुटून यामाताई बेटावर अडकते, हातात धनुष्य. पण शेवटच्या झटापटीत क्षणभर तिच्या दोन हातांत दोन पिस्तुलं येतात, आणि जुना खेळाडू जागीच उठून बसतो. स्मृती पुसली, डिस्क शाबूत.

म्हणून 'पुनरारंभ' मलाही पटत नाही. पुनरारंभात थांबलेलं काम पुढे सुरू होतं. रीबूटमध्ये झालेलं काम झालंच नाही असं धरायचं असतं. आपल्याकडे यासाठी खेळातलाच वाक्प्रचार आहे: डाव मोडून नव्याने मांडणं. सोंगट्या त्याच, पट तोच, चाली पहिल्यापासून. नाम हवं असेल तर 'नवा डाव'. "टूम रेडरचा नवा डाव २०१३ मध्ये मांडला गेला." कानाला खटकत नाही.

———

'नवा डाव' आवडला. फक्त २०१३ चा नवा डाव दुसरा होता. २००६ च्या 'लेजंड'मध्ये लाराची पूर्वकथा आधीच एकदा बदलून झाली होती. त्यामुळे "दुसऱ्यांदा डाव मोडला" म्हणा. तिसऱ्यांदा मोडला तर 'पहिले पाढे पंचावन्न' आहेच.

———

मग 'गॉड ऑफ वॉर' २०१८ हाही नवा डावच ना? नाव तर २००५ च्या पहिल्या गेमचंच आहे.

———

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. नाव तेच म्हणजे रीबूट असं नाही. २०१८ चा नायक क्रेटोस हा जुनाच क्रेटोस आहे, ग्रीसमध्ये जे केलं ते त्याच्या मानगुटीवर बसलेलंच आहे. मुलापासून तो जे लपवतो ते तेच. डाव चालूच आहे, फक्त पट बदलला: ग्रीक देवांऐवजी नॉर्स देव. कॅमेरा बदलला, लढाईची पद्धत बदलली, कथा पुसली नाही. लोक याला 'सॉफ्ट रीबूट' म्हणतात. मराठीत मी 'कायापालट' म्हणेन. काया पालटली तरी जीव तोच.

'मॉर्टल कॉम्बॅट'चं उदाहरण याच्या उलट आणि फार मजेदार. मालिका १९९२ ची. २०११ मध्ये पुन्हा त्याच नावाचा गेम आला, आणि त्यात रायडन मरणाच्या दारात असताना आपल्याच भूतकाळातल्या रूपाला निरोप धाडतो आणि तिथून इतिहास वेगळा घडतो. डाव मोडणारा हात पात्राचाच! २०२३ ला परत नवी कालरेषा, या वेळी गेमच्या नावातच '१'.

हे एकाच नावाचं खूळ वाक्यरचनेला फार छळतं. 'डूम' म्हटलं की १९९३ चा की २०१६ चा, हे सांगावंच लागतं. आमच्यात 'जुना डूम' आणि 'नवा डूम' रूढ झालंय. आणखी दहा वर्षांनी नवा डूमही जुना होईल, तेव्हा बघू.

———

रीमास्टर, रीमेक, रीबूट या तिघांना वेगळे शब्द हवेत, नाहीतर चर्चा फसते. पुस्तकांच्या जगातून सहज मिळतात. जुना गेम नव्या यंत्रावर जसाच्या तसा चालवला तर पुनर्मुद्रण. चित्रं-आवाज घासूनपुसून दिले तर सुधारित आवृत्ती. मुळापासून पुन्हा बांधला, म्हणजे रीमेक केला, तर पुनर्लेखन. रीमास्टरला घरगुती शब्द हवा असेल तर 'कल्हई': भांडं तेच, चकाकी नवी. 'जीर्णोद्धार' सुचतो, पण तो मला जड वाटतो, शिवाय जीर्णोद्धारात कधी कधी मूळचं काहीच उरत नाही.

रीमेकसाठी माझा लाडका शब्द नाटकाच्या जाहिरातीतला आहे: 'नव्या संचात'. 'रेसिडेंट ईव्हिल २' १९९८ चा. २०१९ मध्ये तो नव्या संचात आला: तीच पोलीस चौकी, तोच लिऑन, तीच क्लेअर, पण नेपथ्य, प्रकाश, उभं राहण्याची जागा सगळं वेगळं. जुन्यात कॅमेरा कोपऱ्यात खिळलेला असायचा, नव्यात तो खांद्यामागे आला.

तेवढ्यात एक कोडं. याच मालिकेतला पहिला गेम १९९६ चा. त्याचा रीमेक २००२ चा. आणि त्या रीमेकचा पुढे रीमास्टर झाला. हे मराठीत सांगा.

———

नव्या संचाला कल्हई.

———

नाटकाच्या संचाला कल्हई कशी करतात ते कळलं तर मलाही कळवा.

———

'रीमेक' या शब्दाचा सगळ्यात लबाड वापर राहिलाच. 'फायनल फँटसी ७' १९९७ चा. २०२० मध्ये आलेल्या गेमच्या नावातच 'रीमेक' आहे. सगळ्यांनी तो पेटीवरचा खुलासा समजून वाचला. आत मूळ गेमचा फक्त मिडगार शहराचा भाग आहे, जो जुन्या गेममध्ये सुरुवातीच्या काही तासांत संपायचा. (पुढचं न खेळलेल्यांनी वाचू नये.) कथा जरा मूळ वाट सोडायला लागली की काही सावल्या येऊन तिला ओढून परत वाटेवर आणतात. शेवटी पात्रं त्या सावल्यांशीच लढतात. तेव्हा कळतं की 'रीमेक' हे नाम नव्हतं, क्रियापद होतं: नव्याने घडवा. त्या सावल्या म्हणजे 'जसं होतं तस्संच पाहिजे' म्हणणारे आपण, असंही वाचता येतं. मला तरी तसंच वाटलं आणि थोडा रागही आला.

मराठीत हा श्लेष 'पुनर्निर्मिती'त मावत नाही. 'घडवणे'त मावेल. 'पुन्हा घडणं' म्हणजे तेच परत होणं, 'पुन्हा घडवणं' म्हणजे वेगळं करणं. एका 'व'चा फरक.

———

जाता जाता लिंगाचं विचारतो. गेम 'तो' की 'ती'? रीबूट 'झाला' की 'झालं'?

———

दोन्ही ऐकलंय. 'खेळ'च्या ओढीनं 'तो गेम' जास्त. 'सिरीज' मात्र पक्की स्त्रीलिंगी. 'रीबूट' यंत्राचं असेल तर मी 'रीबूट केलं' म्हणतो आणि कथेचा असेल तर 'रीबूट आला'. 'गेम करणे' हा वाक्प्रचार मात्र खेळण्यासाठी वापरू नये. लाडक्या मालिकेचा कंपनीनं गेम केला, असं म्हणायचं असेल तर चालेल.

———

सगळ्यांचे आभार. मित्राला शेवटी असं लिहिलं: "जुनी लारा कल्हई करून आलीये. खेळताना आधी हुरहूर लागली, मग बटण दाबलं आणि रंग उतरला. तरी टी-रेक्स आला तेव्हा जुनीच चित्रं लावून ठेवली."

त्याचं उत्तर आलं: "ते सोड, लाराच्या घरच्या त्या म्हाताऱ्या बटलरला अजून फ्रीजरमध्ये कोंडता येतं का?"

येतं.