सोबत काम केलेला, हसवणारा, भरभरून देणारा आणि आता नसलेला माणूस : तुमचे अनुभव लिहा

तारवाला

नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनवाल्यांचं ठरलेलं काम, हयातीचा दाखला. काल बँकेत जाऊन देऊन आलो. या वर्षी एकटाच गेलो, नाना मार्चमध्ये गेला. दरवर्षी जोडीनं जायचो, आधी बँक मग समोर मिसळ, आणि बिल कायम तोच द्यायचा. काउंटरवरच्या मुलीनं एकदा फॉर्म बघत सहज विचारलं, "आजोबा, हयात आहात ना?" तर हा म्हणतो, "घरात त्यावर दोन मतं आहेत, विचारून सांगतो." अख्खी रांग हसली. काल त्याच काउंटरवर उभा होतो, सही केली आणि मिसळ न खाताच घरी आलो. म्हटलं लिहावं.

आम्ही दोघं तार खात्यातले. सत्तरच्या दशकात एकत्र लागलो, मोर्सचं ट्रेनिंगही एकत्रच. नानाचा कान इतका तयार होता की पलीकडच्या स्टेशनवर कीवर कोण बसलंय ते त्याला दोन ओळींत कळायचं, प्रत्येकाचा हात वेगळा असतो ना. पुढे टेलिप्रिंटर आले, कागदाची पट्टी फॉर्मवर चिकटवायची ती, तुमच्यातल्या जुन्या लोकांनी बघितली असेल. पण त्याचं खरं काम काउंटरवर दिसायचं. तारेला शब्दाप्रमाणे पैसे. गावाकडून आलेला माणूस घाबरून पत्रासारखी तार लिहायचा. नाना पेन्सिल घ्यायचा, एकेक शब्द विचारून खोडायचा, "आईची तब्येत फार बिघडलेली आहे तरी लवकरात लवकर निघून यावे" चं "आई गंभीर ताबडतोब ये" करून द्यायचा. एकदा एकजण भावावर चिडून तार करायला आला, सगळा मजकूर शिव्यांचा. नाना शांतपणे म्हणाला, "शिवीलाही शब्दाचाच दर आहे बाबा, त्यापेक्षा पोस्टकार्ड घे, भरपूर मावतील." तो माणूस हसला, बाकावर बसला, आणि तार न करताच गेला.

मयताची तार असली की फॉर्मवर XX खूण असायची, ती सगळ्यांच्या आधी जायची. रात्री कोणी तशी तार घेऊन आला आणि पैसे मोजताना त्याचे हात थांबले की नाना म्हणायचा, "राहू दे, रात्रीच्या मयताच्या तारेला सूट आहे." अशी सूट कधीच नव्हती. उरलेले पैसे त्याच्या खिशातून जायचे. आम्हाला माहीत होतं, त्या माणसाला कधीच कळलं नाही.

२०१३ च्या जुलैत तार बंद झाली त्या दिवशी फोन करून म्हणाला, "आता वाईट बातमी कुणी कशी पोचवणार रे, फोनवर तर कोणीही सांगतं." नाना, तुझी बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळली.

तुमच्या कामावर असं कुणी असेल तर लिहा. लहान मोठं कसंही.

गिरणगावची

रडवलंत हो. सूट आहे म्हणे. मी लिहिते संध्याकाळी, आत्ता स्टेशनवर आहे.

डबलबेल

आमचे दादा. मी वाहक, ते चालक. मुक्कामी गाडी होती डोंगरातली, संध्याकाळी शेवटची जायची आणि पहाटे पहिली निघायची, दुधाच्या किटल्या, कॉलेजची पोरं, कोर्टात तारीख असलेले म्हातारे. रात्री देवळात पथारी टाकायची नाहीतर गाडीतच. गावातून भाकरी यायची, दादा म्हणायचे एसटीचा पगार महामंडळ देतं पण पोट गाव भरतं. कोणी विचारलं गाडी लेट का, तर म्हणायचे "गाडी वेळेवरच आहे, तुमची घड्याळं पुढं पळत्यात." बांधावरून कोणी आजी पळत येताना दिसली की मला ओरडायचे, "बेल देऊ नको रे, साहेब येतायत!" आणि मग आजी चढली की तिला खरंच साहेबासारखं "या साहेब" म्हणायचे, ती लाजायची.

एकदा माझा हिशोब कमी भरला. तेव्हा तिकिटांचा ट्रे आणि पंच होता, मशीन नव्हतं. वेबिल, म्हणजे दिवसभराच्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद, आणि कॅश जुळली नाही की खिशातून भरायचे, आणि महिनाअखेर होती, बायकोचं बाळंतपण तोंडावर. मी गाडीत सगळ्या सीटा उलट्यापालट्या करून शोधत होतो. दादा पुढून म्हणाले मागच्या सीटखाली बघ परत. मी बघितलं तर नोटा. घडी केलेल्या, कोऱ्या, आणि गाडीत दिवसभर धूळ किती असते तुम्हाला माहितीये. एकही नोट मळलेली नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं तर गडी आरसा पुसत होता. काहीच बोललो नाही आम्ही.

दर १ जूनला, १९४८ ला पुणे नगर पहिली एसटी सुटली तो दिवस, सकाळी गाडी धुवून हार घालायचे, नारळ फोडायचे आणि पहिला तुकडा ज्या पोराची परीक्षा असेल त्याला. रिटायर झाल्यावर वर्षभरात गेले. गावातल्या लोकांनी त्या दिवशी गाडी स्टँडवर थांबवून फुलं वाहिली, कोणी सांगितलं नव्हतं.

खडूफळा

दादांच्या कोऱ्या नोटा.... काय माणसं.

आमचे सर विज्ञान शिकवायचे, पण जास्त आठवतात ते इलेक्शन ड्युटीमुळे. साहित्यवाटप, मशीनच्या पेट्या, ते सगळे लिफाफे, आणि आदल्या रात्री कुठल्यातरी वर्गखोलीत मुक्काम. मच्छर असे की झोप नाही. सर म्हणतात, "आपल्या केंद्रावर मतदान किती होईल माहीत नाही, पण ह्यांचं शंभर टक्के झालं." आमच्यात एक नवीन मुलगी होती, पहिलीच ड्युटी, घरी लहान बाळ. रात्री अंधारात बसून रडत होती. सरांनी तिला काहीच समजावलं नाही, स्वतःच्या बॅगेतून चिवडा काढला आणि सगळ्यांना गोल करून बसवलं, भेंड्या सुरू. पहाटे तीच सगळ्यात आधी उठून बायकांच्या रांगेची दोरी बांधत होती. सर हार्ट अटॅकने गेले, वर्गातच. पोरं अजून त्या खुर्चीवर बसत नाहीत म्हणून शेवटी ती स्टाफरूममध्ये ठेवलीय, तिच्यावर आम्ही वह्या ठेवतो.

माळावरची

तारवाला काका, थोडं अवांतर. हयातीच्या दाखल्याचं विचारायचं होतं, माझ्या आईच्या बोटांचे ठसे उमटतच नाहीत, मशीन दरवेळी रिजेक्ट करतं. मागच्या वर्षी तीनचार सेंटर फिरलो. काही उपाय?

तारवाला

अवांतर कसलं. आता चेहऱ्यावरून होतं घरबसल्या. मोबाईलवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण अशी दोन अ‍ॅप टाका, उजेडात बसवा आईंना, पापणी लवली पाहिजे एवढंच. पीपीओ (पेन्शन ऑर्डरचा) नंबर, बँक खातं आणि आधार जवळ ठेवा. नाना असता तर म्हणाला असता फोटो काढायचाय तर आधी केस विंचरा.

रात्रपाळी

मी नर्स. आमच्याकडे वॉर्डबॉयला मामा म्हणतात, सगळीकडेच म्हणतात. आमचे मामा खरंच सगळ्यांचे मामा होते. कोविडमध्ये पीपीई किट घातलं की कोण कोण ते कळायचं नाही म्हणून आम्ही मार्करने पाठीवर नाव लिहायचो. सिस्टर, डॉक्टर, असं. मामांनी छातीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं, "आत हसतोय". एक आजोबा तीन दिवस कोणाशी बोलत नव्हते, नातेवाईकांना आत सोडत नव्हते ना तेव्हा, ते वाचून म्हणाले "मग दाखव हसून". मामांनी काय केलं तर डोळे मिचकावले, शिल्डच्या आतून. आजोबा जेवले त्या दिवशी.

बाहेर झाडाखाली बसलेल्या नातेवाईकांना मामा डबे पोचवायचे. डबा कुठून येतो विचारलं की "वरून आदेश आहे". वरून म्हणजे त्यांच्या घरून, मामी करायच्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये मामा गेले, दुसऱ्या लाटेत, आमच्याच वॉर्डात. मला जास्त नाही लिहिता येत याच्यावर.

डबलबेल

सिस्टर 🙏🙏

वैदर्भी

सिस्टर, तुम्हाले सलाम. आत हसतोय. दिवसभर डोक्यातून जाणार नाही बापा हे.

जमाखर्च

बँकेत होतो, कॉम्प्युटरच्या आधीची बँक. लेजर हाताने, आणि सहामाही क्लोजिंगला बॅलन्स जुळला नाही की घरी जायचं नाही. आमचे अण्णा हेड कॅशियर. त्यांनी मला पहिल्याच क्लोजिंगला शिकवलं, फरकाला नऊने भाग जातोय का बघ, गेला तर कोणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५. फरकाचा अर्धा केला आणि तो अर्धा आकडा कुठे पोस्टिंगमध्ये दिसला तर नावेचं जमेला टाकलंय. आजही मी किराण्याच्या बिलावर ते करतो. रात्री अकराला फरक सापडत नसला, सगळे एकमेकांवर करवादायला लागले, की अण्णा उठायचे, कोपऱ्यावरून गरम भजी आणायचे आणि म्हणायचे, "फरक पैशांत पडलाय, माणसांत पाडू नका. खा आधी." आणि खरंच खाल्ल्यावर सापडायचा. प्यून, वॉचमन सगळ्यांना एकाच कागदावर. मॅनेजरसाहेबांनाही, बशी नाही.

त्यांच्या तेराव्याला एक भाजीवाली आली होती, आम्ही कोणी ओळखत नव्हतो. म्हणाली माझं खातं त्यांनी उघडून दिलं, पहिले पैसे त्यांनी घातले, पासबुक हातात देऊन म्हणाले "आता तू बँकेची मालकीण, आम्ही नोकर, रुबाबात येत जा." त्यानंतर ती दर बुधवारी इस्त्रीची साडी नेसून बँकेत यायची म्हणे.

गिरणगावची

आले. लोकलमध्ये उभी राहून टाईप करतेय.

माझे वडील कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, लालबागला चाळीत राहायचो. त्यांचा जोडीदार काका, बाजूच्याच साच्यावर. साचे चालू असताना कानाला काही ऐकू येत नाही, सगळी बोलणी ओठांवरून आणि हातांनी. बाबा सांगायचे काका नुसत्या हातवाऱ्यांनी जॉबरची, म्हणजे मुकादमाची, अशी नक्कल करायचा की धागा तुटला तरी लक्ष जायचं नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, मी तेव्हा तिसरीत. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं महिना दोन महिने. अडीच लाख कामगार बाहेर आणि तो संप कधी अधिकृत मागे घेतलाच गेला नाही, हे आता लोक विसरलेत. चाळीतली भांडी गेली, मग आईच्या पाटल्या. काका गावी निघून गेला कोकणात, शेती थोडीच होती त्याची. पावसाळ्यानंतर गावाहून येणाऱ्या कोणाच्या तरी हाती तांदळाचं बोचकं आलं आणि आत चिठ्ठी, "यंदा भात जास्त झालं, उंदीर खातायत. उंदरांपेक्षा तू बरा वाटलास म्हणून पाठवतोय." बाबा ती चिठ्ठी वाचून हसले, खूप हसले, आणि मग तोंड फिरवून बसले. पुढच्या वर्षी परत. त्यात लिहिलेलं, "उंदीर तुझी चौकशी करत होते."

पुढे आम्हाला कळलं की त्या वर्षी त्याच्या स्वतःच्या घरी नाचणीवर दिवस काढले होते.

काका २००९ मध्ये गेला. बाबांनी त्याच्या मुलाला भेटायला गेल्यावर तांदूळच नेले होते, कोलम, दहा किलो, खांद्यावरून. त्याच्या मुलाला अर्थ कळला नाही, पण काकू उंबऱ्यातच खाली बसली.

वैदर्भी

ताई, तिथल्या खानावळीच्या बायांबद्दल पण लिहा कधी. प्रेमाताई पुरवांनी त्यांना एकत्र करून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ना, त्याबद्दल आईकडून ऐकलंय.

गिरणगावची

हो हो, माझी आत्या होती त्यात! संपात कित्येक जणींनी उधारीवर जेवू घातलं, वही होती पण वसुली नाही. वेगळं लिहिते त्यावर, दादर आलं.

माळावरची

तारवाला काका झालं!!! पहिल्याच वेळी चेहऱ्यावरून झालं, आईला खिडकीपाशी बसवलं. खूप आभार. ती इथेच बसलीय, तिला हे सगळं वाचून दाखवलं. ती टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर होती, ट्रंक कॉलच्या जमान्यात, म्हणते माझ्या भाईंचं पण लिही. ती बोलतेय मी टाईप करते. तेव्हा ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉल असायचे, लाइटनिंगला आठपट पैसे. बुकिंग करून लोक तासन्‌तास वाट बघायचे. भाई सुपरवायझर. एका सैनिकाची आई रोज पीसीओवर येऊन ऑर्डिनरी बुक करायची, लाईन मिळायची नाही. भाई ड्युटी संपल्यावर बोर्डावर बसून स्वतः लाईनसाठी झगडायचे, पलीकडच्या ऑपरेटरला म्हणायचे "माझ्या बहिणीचा मुलगा आहे, दे रे बाबा". आई म्हणते भाईंना बहीणच नव्हती. आणि पलीकडच्या ऑपरेटरलाही ते माहीत झालं होतं, तरी तो विचारायचा, "आज कुठल्या बहिणीचा?"

एकदा लाईन लागली आणि ती बाई काही बोलेचना, नुसती रडत होती, तीन मिनिटं संपत आलेली. भाई मध्ये बोलले, "बाई, रडणं इथे चार्जेबल आहे, जेवला का ते विचारा." मग विचारलं तिनं.

आई अजून सांगतेय पण मला आता कुकर लावायचाय, बाकीचं उद्या टाकते.